फणीत राहिलेले धागे

बाबा, उद्या सकाळी गवंडी येणार आहे. तुमच्या हातमागाचा, पाय सोडून बसायचा खड्डा मुरमाने भरायचा, वर फरशी बसवायची आणि त्या जागी माझे टेबल ठेवायचे, असे दादाने ठरवले आहे. मी एम.ए.ला पहिली आले, आता कॉलेजात शिकवणार, तेव्हा मला बसायला धड जागा हवी, हा त्याचा विचार मायेचाच आहे. "तुह्यासाठीच त करून राहिलो नं," असे तो म्हणतो. टेबल मीच मागितले होते. तरी गेले काही दिवस मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, तेच पान पुन्हा वाचते, उठून मागापाशी जाते, परत येते.

विणलेले लुगडे मागावरून उतरवताना तुम्ही ताणा, म्हणजे उभे धागे, कधी पुरता कापत नसायचात. वीतभर धागे मागाच्या फणीत राहू द्यायचे, म्हणजे नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाशी सांधता येतो. धंतोलीच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती, तेव्हाही तुम्ही आईला एवढेच सांगितलेत, की फणीतले धागे तसेच असू दे, आल्यावर सांधतो. मी तेव्हा सातवीत होते. धागे अजून तसेच आहेत. आई त्यांच्यावरची धूळ नुसती फुंकते. फडके लावले तर ते तुटतील, अशी तिला भीती वाटते.

म्हणून मी बेटावर जाऊन आले. माग कुणी नेईल का, हे विचारायला जाते, असे घरी सांगितले. वैनगंगेच्या दोन धारांमधले ते विणकरांचे गाव, जिथे तुमच्या मावशीकडे राहून तुम्ही करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी लुगडी विणायला शिकलात. तिथे रंगाच्या हंड्यात उरलेला रंग कुणी फेकत नाही, चुन्यात कालवून भिंतीला लावतात. ज्या घरात ज्या रंगाचे लुगडे, त्या रंगाचे घर, असे तुम्ही सांगायचात. मला नेण्याचेही कबूल केले होतेत. भिवापूरला वाळत घातलेल्या मिरच्यांचा खकाणा एस.टी.त शिरला आणि सगळी गाडी शिंकू लागली. शेजारची बाई मला म्हणाली, "पदर लाव वं नाकाले, शहरातली दिसतेस."

डोंग्यातून गाव दिसते ते उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यांसारखे. हळदी, कुसुंबी, निळी घरे, आणि मधूनमधून लख्ख पांढरी. परक्या माणसाशी मी आपण होऊन कधी बोलत नाही, पण त्या वेळी राहवले नाही. ती पांढरी घरे किती नीटस दिसतात, असे मी डोंगेवाल्याला म्हणाले. त्याने वल्हे उचलून धरले.

"तिथले माग बंद पडले, बाई. रंगच उरत नाही, त लावतीन काय?"

पलीकडच्या काठापर्यंत मी मान वर केली नाही.

तुमची मावशी अजून आहे. कपाळावरच्या आठ्यांवरून तिने मला ओळखले, आणि एवढ्या आठ्या घालून शिकलीस तरी काय, असे विचारून स्वतःच हसली. तिचाही माग थांबलेला आहे. पण भिंत पांढरी नाही, पावसाने धुऊन धुऊन फिकट झालेली गुलाबी आहे. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फणीत धागे हायेत नं माह्या अजून. चुना काहून लावू?"

मी तिला खड्ड्याचे सांगितले. ती मला अडवील, अशी माझी अपेक्षा होती. अडवले असते तर सोपे झाले असते. तिने नुसते विचारले, मला विणता येते का. मी म्हणाले, बाबांनी बसूच दिले नाही. चौथीत असताना मी एकदा गुपचूप खड्ड्यात उतरले होते. तुम्ही आलात, खालच्या पावडीपर्यंत न पोचता अधांतरी लोंबणारे माझे पाय पाहिलेत आणि म्हणालात, "पावडीले पाय पुरत नाहीत तुहे. जाय, पुस्तक वाच." मी गेले, बाबा, आणि तेव्हापासून वाचतेच आहे. ते दार माझ्यासाठी बंद झाले, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. मावशी सुपारी कातरत होती. ती थांबलीही नाही.

"तवा पुरत नव्हते, म्हणून सांगतलं त्यानं. जलमभरासाठी थोडीच सांगतलं, पोरी."

माग कुणाला हवा आहे का, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.

गवंड्याला उद्या दारातूनच परत पाठवीन म्हणते. टेबल खिडकीशी, मागाला टेकूनही मावेल. दादाला काय सांगायचे, ते अजून सुचलेले नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिण्याचे धाडस करते. आज दुपारी आई शेजारी गेली असताना मी खड्ड्यात उतरून बसले. पाय पुरले. पावडी दाबली, तसे काही धागे तुटले. त्यांतला एक मी सांधून पाहिला. पण गाठ जाड झाली आहे, आणि ती फणीतून पुढे सरकत नाही.