नावडत्याची जागा

५ ऑक्टोबर, रविवार

आज पुन्हा विहारात मैत्रीभावनेचं ध्यान मीच घेतलं. डोळे मिटा. आधी स्वतःला आठवा, मग आवडत्या माणसाला, मग अनोळखी माणसाला, मग नावडत्याला. त्याचंही मंगल होवो! सगळे कसे शांत बसतात. आणि मी, सांगणारा, नावडत्याच्या जागी दर रविवारी एकालाच बसवतो — शेजारच्या रत्नदीपला. मंगल-बिंगल काही निघत नाही. दात आवळले जातात.

त्यानं माझं काय वाकडं केलं? काहीच नाही! त्याचीच तर चीड येते. सकाळी पाइप लावून गाडी धुतो, वर मोठ्यानं गातो. पाणी माझ्या फाटकापर्यंत येतं. अख्खं पिपरी मेघे गाव त्याच्या दारात हसायला थांबतं. माझ्या दारात थांबतात ते भांडणं घेऊन. "अश्वजित सर, तुमीच सांगा आता." सर म्हणजे शांत, सर म्हणजे न्याय. नुसतं बसून गप्पा मारायला सर कोणालाच नको.

८ ऑक्टोबर

रत्नदीपच्या मुलीला, पौर्णिमाला, तळेगावचे पाहुणे पाहून गेले. मुलगा इंजिनियर. माझी बायको नंदिनी म्हणाली, "जमते वाटते. बरं झालं बाई!" पोरगी गुणाची आहे, नाही कोण म्हणतो? नंदिनीला डेंग्यू झाला तेव्हा दोन्ही वेळा डबा तिनंच आणला होता. तरी मला जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर

फोन आला. मुलाचे वडील, नत्थूजी. "सर, तुमी त्यायचे शेजारी, म्हणून इचारतो. घर कसं हाये? पोरगी कशी हाये?"

आपल्यात पत्रिका बघत नाहीत, शेजाऱ्याला विचारतात. आमच्या मुलाच्या, आदेशच्या लग्नाच्या वेळी मीही तसंच विचारलं होतं.

मी म्हणालो, "मुलगी..." आणि थांबलो. मुद्दाम थांबलो. मग म्हणालो, "मुलगी चांगलीच आहे हो. आता मी काय सांगायचं! तुमचं तुम्ही पाहून घ्या."

एक शब्द खोटा नाही! तिकडे नत्थूजी "बरं, बरं" म्हणत राहिले. आवाज उतरलेला. मी फोन ठेवला आणि मला मजा आली. इथे तरी खरं लिहितो — मजा आली. रात्रीची भाकरी गोड लागली.

१२ ऑक्टोबर, रविवार

तळेगावहून निरोप नाही. गाडीवर धूळ बसली आहे. गाणं बंद.

विहारात रत्नदीप नेहमीसारखा समोर बसला. मी "डोळे मिटा" म्हणालो आणि स्वतःचे उघडे ठेवले. त्याचा चेहरा पाहायचा होता. पार उतरला होता. मी पोटभर पाहून घेतला.

१३ ऑक्टोबर

नंदिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पौर्णिमा कोमेजून गेली हो. कोणीतरी कान भरले असन त्यायचे. तोंड सडो मेल्याचं!"

मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. कमी नव्हतं.

१४ ऑक्टोबर

फाटकाशी पौर्णिमा भेटली. "काका, काकूले आता थकवा तं नाई ना येत? फळं देत जा त्यायले." माझ्यानं तिच्याकडे बघवेना. "हो हो" म्हणून आत पळालो. पळालोच!

रत्नदीपची खोड मोडायची होती म्हणे मला. कसली खोड? हसण्याची? आणि भोगलं कोणी — या पोरीनं!

दिवसभर एक आवाज आत बोलतो आहे — गप बस, कोणाला कळते! आवाज ओळखीचा वाटला. भांडण मिटवताना निकाल देऊन झाला की मी आधी कोणाकडे बघतो? हरला त्याच्याकडे. गल्ली म्हणते सर किती शांत! शांत कसला, चवीनं बघत असतो मी. हा कोणी बाहेरचा माझ्यात शिरलेला नाही. मीच आहे हा, नीच. हाकलून जाणार नाही. जाईल कुठे, हे त्याचंच घर! पण याच्या हातात फोन द्यायचा नाही, एवढं तर मला जमायला पाहिजे.

१५ ऑक्टोबर

नत्थूजींना फोन केला. सांगून टाकलं. "मुलगी सोन्यासारखी आहे. त्या दिवशी मी अडखळलो ते नाटक होतं. तिच्या बापावर मी जळतो, म्हणून." शर्ट घामानं भिजला.  नत्थूजी म्हणाले, "उद्या सांगतो, सर." खट्. फोन बंद.

आता गावभर होईल. होऊ दे! आणि प्रेमबिम काही उपजलेलं नाही. रत्नदीप अजूनही डोळ्यांसमोर नको वाटतो. पण पोरीचं जमावं. एवढं मात्र मनापासून वाटतं.

१६ ऑक्टोबर

नत्थूजींचा फोन. जमलं! पुढच्या आठवड्यात साक्षगंध, अंगठ्या घालणार.

मी विचारलं, माझा नंबर तुम्हाला दिला कोणी? ते हसले. "रत्नदीपभाऊनंच देल्ला, सर. म्हणे, माह्यावर जीव लावणारे तं चांगलंच सांगतीन. बाजूच्या सरले इचारा. त्यायले मी डोयासमोर बी चालत नाई. पण पोरीले नावं नाई ठेवणार ते."

बाहेर पाइप सुरू झाला. गाणंही. पाणी माझ्या फाटकाशी आलं आहे. तो मला नावडतो, हे त्याला आधीपासून माहीत होतं. तरी दर रविवारी माझ्या समोर येऊन, मी सांगितलं की डोळे मिटत होता.