त्या घरातली धाकटी

१ सप्टेंबर, रविवार

पोचले एकदाची! बॅगेचं एक चाक विमानतळावरच निखळलं, ते पर्समध्ये घालून आणलंय. बाकी सगळं धड आहे, मीसुद्धा.

घ्यायला बाई स्वतः आल्या होत्या. साठीच्या, सडसडीत, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. तीन महिने यांच्याकडे राहायचं. सकाळी वृद्धाश्रमात नर्सची ड्यूटी, दुपारी भाषेचा वर्ग, आणि घरात या लोकांत मिसळून बोलायची सवय. मग मला इथे पाठवणारी संस्था वेगळी खोली देणार. घर अरुंद, दुमजली आहे. खाली स्वयंपाकघर, त्याच्या खिडकीतून बसथांबा दिसतो. वर खोल्या, त्यातली टोकाची माझी. पलंगावर कडक इस्त्रीची चादर आणि उशाशी फुलं पाहून मला भरूनच आलं.

बाईंचे यजमान हार्डवेअरच्या दुकानात असतात. बाई काहीही म्हणोत, त्यांचं उत्तर 'हो, हो'. मी मनातल्या मनात त्यांना होयबा म्हणायला लागले. तिसरे एक गृहस्थ आहेत, चाळिशी ओलांडलेले. टेबलाच्या कोपऱ्यात मान खाली घालून जेवतात आणि अवाक्षर बोलत नाहीत. बाई त्यांना 'थोरला' अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारतात. कोण लागतात विचारलं, तर म्हणाल्या, घरातलाच आहे. इथे एकेका घरात नाना रंगांची माणसं असतात, तेव्हा खोदून विचारायचं नाही, असं येण्याआधीच्या प्रशिक्षणात बजावलंच होतं. त्यांचं नाव मी घुमेकाका ठेवलंय.

आईला फोन केला. ती म्हणाली, परक्याच्या घरी राहतेस, नाव ठेवायला जागा देऊ नकोस.

८ सप्टेंबर

आदर्श पाहुणी म्हणून माझा सत्कार करायला हरकत नाही. फ्रिज उघडण्याआधी विचारते. अंघोळ झाली की फरशी पुसून घेते. उशीर होणार असेल तर कळवते. ताटात काही टाकत नाही, आणि इथलं जेवण इतकं अळणी असतं की ही तपश्चर्याच म्हणायची. आईशी बोलताना तेवढंच मनातलं बाहेर काढते. मराठीत कुणाला काय कळणार!

माझं नाव बाईंच्या जिभेला जड जातं. त्यांनी मला नवीन नाव दिलंय, त्याचा अर्थ 'धाकटी'. मी म्हटलं, चालेल. रोज जेवणानंतर त्या मला आणि घुमेकाकांना कोमट, गोड काहीतरी पेयाचा कप देतात. औषधी पाल्याचं आहे, झोप चांगली लागते म्हणाल्या. खरंच लागते. सकाळी गजर ऐकूच येत नाही.

थोरला आणि धाकटी. मधलं कुणीतरी असणार. विचारलं नाही.

१७ सप्टेंबर

आज जरा डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

कामावरून आले तर माझं कपाट पार बदललेलं. बाईंनी माझे कपडे त्यांच्या पद्धतीने लावले होते आणि दोन कुडते टाकून दिले होते. रंग विटले होते म्हणे. मला न विचारता! मी हसून आभार मानले. आभार! खोलीत येऊन उशीवर बुक्क्या मारल्या.

परवा वृद्धाश्रमातल्या मैत्रिणींबरोबर फिरायला जायचं ठरलं होतं. बाईंनी परस्पर फोन करून सांगितलं की धाकटीला बरं नाही. मला कळलं तेव्हा त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, तू दमलेली दिसत होतीस. दाराला आतून कडी लावली तर त्यांना वाईट वाटतं, म्हणून तीही लावत नाही. त्या टकटक न करता येतात, पलंगावर बसतात, माझ्या केसांतून हात फिरवतात.

आईला सांगितलं. ती म्हणाली, अगं, जीव लावतायत. इतकी तुसडी कधीपासून झालीस?

तुसडी. मी.

२४ सप्टेंबर

आज जेवताना विचित्र प्रकार घडला.

बाई तासभर मला समजावत होत्या. चमचा कसा धरावा, कसं चावावं, खांदे कसे ठेवावेत. वृद्धाश्रमात मी पक्षाघात झालेल्या माणसांना घास भरवते, आणि ही मला चमचा धरायला शिकवतेय! माझ्या तोंडावर हसू तसंच होतं. त्या हसऱ्या तोंडानेच मी गोड आवाजात मराठीत म्हटलं, "बाई, तुमची टकळी बंद पडायला काय सेल काढावे लागतात का?"

कोपऱ्यातून फुस्सकन आवाज आला. घुमेकाका हसले होते. ठसका लागेपर्यंत हसले, तोंडातला घास बाहेर आला. मग त्यांचे खांदे तसेच हलत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की ते आता हसत नाहीयेत, रडतायत.

बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. होयबा 'हो, हो' म्हणाले.

या माणसाला मराठी कळतं.

२६ सप्टेंबर

कालपासून कप सिंकमध्ये ओततेय. आज गजराच्या आधीच उठले. डोकं इतकं हलकं वाटलं की मला माझीच लाज वाटली. गुंगीतली माणसं मी रोज बघते. संथ डोळे, जड जीभ, चालताना भिंतीला लावलेला हात. घुमेकाकांना पहिल्या दिवसापासून समोर बघतेय, आणि मी नर्स आहे म्हणे! विचारायचं नाही, न्याहाळायचं नाही. काय तो माझा विनय.

संध्याकाळी भांडी घासायला ते माझ्या शेजारी उभे होते. नळ मोठा सोडला आणि विचारलं, तुम्ही कोण? किती तरी वेळ ओठ नुसते हलत होते. मग एकेक शब्द आला. तेही असेच आले होते. शिकायला. संस्थेनेच पाठवलं होतं. किती वर्षं झाली ते सांगता येईना. मी विचारलं, मधली कोण? म्हणाले, "मधली ओरडायची."

पुढचं मी विचारणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"हळू बोल. तिला कळतं."

२७ सप्टेंबर

भीती वाटतेय की संताप येतोय, मलाच सांगता येत नाही.

सकाळी बाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं, मिठाची डबी त्याच्या शेजारी ठेवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "धाकटे, अळणी लागतं ना तुला? मी सगळं ऐकतो."

ऐकतो. बाईमाणूस, आणि 'ऐकतो'. 'मी रागावत नाही,' म्हणाली. 'मी वाट बघतो. थोरला पण आधी रागावायचा.'

ती मराठी घुमेकाकांकडून शिकली. एका पुरुषाच्या तोंडून, एकेक शब्द काढून घेत. म्हणून त्यांच्यासारखंच बोलते. आता त्यांच्याकडे शब्द उरले नाहीत आणि हिच्याकडे आहेत.

मी ताट भिंतीवर फेकायला हवं होतं. मी मीठ घेतलं. हो, घेतलं! वर 'थँक यू' म्हटलं.

३० सप्टेंबर

संस्थेच्या मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्या मान डोलवत ऐकत होत्या, मग माझ्यासमोरच त्यांनी बाईंना फोन लावला आणि दोघी हसल्या. मला सांगण्यात आलं की घरची आठवण येणं स्वाभाविक आहे. बाईंनी आधीच कळवलं होतं म्हणे, की मुलगी एकटीच बडबडते, औषधी चहाला विष समजते, आजारी नातलगाला त्रास देते. इतकी वर्षं पाहुणे ठेवतायत, एकाचीही तक्रार नाही. यजमानांचा मान राखायला शिका, म्हणाल्या.

एकाचीही तक्रार नाही. कशी असेल?

मी आज तिथूनच पळून जाऊ शकत होते. मैत्रिणीकडे जागा होती. पण घुमेकाका कोपऱ्यात बसलेत. मी गेले तर त्यांच्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही, ती सोडून. त्यांना घेऊनच जाणार. वृद्धाश्रमातल्या डॉक्टरीणबाईंशी बोललेय. त्या म्हणाल्या, आण त्यांना, मी तपासते. निदान एका माणसाने माझं ऐकलं.

५ ऑक्टोबर

उद्या दुपारी. बाई बाजारात जाते, होयबा दुकानात. बस दारासमोर थांबते.

काकांचे कप तीन दिवस मीच ओततेय. आज त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. विचारलं, "पाऊस चालू आहे का तिकडे?" मी म्हटलं, थांबला असेल. मग त्यांनी बहिणीचं नाव आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली. शेवटी म्हणाले, "तिला वेणी घालायचो मी."

मला इतका राग आलाय की झोप येणार नाही. बरंच आहे.

६ ऑक्टोबर, दुपार

जमलं नाही.

नीट लिहायला हवं. बूट मी घातले त्यांच्या पायात. उंबऱ्यापर्यंत आले. बस दिसत होती. ड्रायव्हरने दार उघडलं. मी हात ओढत होते. चला, काका, दोन पावलं. ते उजेडाकडे बघत राहिले आणि मागे वळून घरात तोंड करून त्यांनी हाक मारली.

"आई!"

मराठीत. लहान मुलासारखी.

ती बाजारात गेलीच नव्हती. जिन्यावर बसली होती. होयबाही दुकानात नव्हता, त्याने मला मागून धरलं, फोन काढून घेतला. मी म्हटलं सोडा, सोडा, आणि तो पहिल्यांदाच म्हणाला, "नाही, नाही."

बस गेली.

कप पाजला. नाक दाबून, मान मागे करून. मला माहीत आहे कसं पाजतात. निम्मा मी तिच्या तोंडावर थुंकून टाकला. निम्मा गेला.

खोलीत आहे. पलंग दाराला लावलाय. कडी लावलीय. लिहितेय कारण हात थांबला की डोळे मिटतात. मिटू देणार नाही.

नंतर

किती वेळ गेला? उजेड आहे अजून.

कामावर कळवलंय म्हणे तिने. की मी नोकरी सोडली. दाराबाहेरून सांगत होती. शांतपणे. डॉक्टरीणबाई विचारतील — विचारतील ना —

काका खाली रडतायत. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. हे लिहून ठेवते. त्यांच्यावर नाही.

माझ्यावर आहे. प्रत्येक 'चालेल'वर. कपाटाला हात लावला तेव्हाच ओरडायला हवं — मधली ओरडायची. शहाणी होती ती. मीपण ओरडले आत्ता. घसा फुटेस्तोवर. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि

बंद झाली.

संध्याकाळ

जीभ जड. अक्षर वाकडं येतंय.

बाहेर बोलणं चाललंय. माझ्याच फोनवर. मराठी. मला वाटलं मीच बोलतेय. तोच हेल, तसंच मध्ये 'अगं' —

"अगं आई, मी बघते ना. मी समजावते तिला. तुम्ही काळजी करू नका."

बघते. समजावते.

'ऐकतो' नाही आता. माझ्याकडून शिकली. रोज फोनवर मी — दाराला कान लावून —

आईचा आवाज. स्पीकरवर. माझी आई. माझ्या दाराबाहेर.

म्हणतेय, दार उघड बाळा. म्हणतेय, किती गोड आहेत त्या, आपली भाषा शिकल्या तुझ्यासाठी. लोकांच्या घरात असं कोंडून घेतात का? शोभतं का?

मी ओरडले, आई, पोलिसांना सांग. आई, मला इथून

ती म्हणाली, आवाज खाली कर. पाहुणी आहेस तू.

पाहुणी नाही. मी पाहुणी नाही. खिडकीची काच फोडलीय उशी धरून. हात कापलाय पण दुखत नाही. का दुखत नाही. खाली फरशी आहे. दिव्याचा दांडा हातात घेतलाय. जी पहिली आत येईल तिच्या —

आई अजून बोलतेय. माफी माग म्हणतेय.

पलंग हलतोय. कडी आतून लावलीय मी, नक्की लावलीय, पण ती सरकतेय, हळूच, आपोआप, बाहेरूनही उघडते हे मला कुणी सां