खड्डा कोणी खणायचा

पोसो वेर्दे, ४ मार्च २०१३

चि. दालिंदा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंधरवड्याच्या ट्रकने आलं. तब्येतीचं विचारलंस. गुडघे आहेत, चालतात. शाळेला कुलूप लागून दोन वर्षं झाली, तरी सकाळी आठ वाजले की माझा हात खडू शोधतो.

आता कामाचं. १९१९ साली कोणी विद्वानांनी आपल्या डोंगरातल्या फार जुन्या थडग्यातून खेचरावर घालून नेलेली आजी परत मागायचा अर्ज आम्ही केला आहे. संग्रहालयातली हाडं ज्यांच्या पूर्वजांची, त्यांनी मागितली तर द्यावीच लागतात, असा कायदा आहे. तो मी दोनदा वाचला. अर्जात प्रत्येकाकडून 'मी तिचा वंशज आहे' असं लिहून घेतलं. गावात अकरा मोठी माणसं उरली आहेत, अकरांच्या सह्या झाल्या. कुरणापलीकडच्या वस्तीतल्या चौघांनीही केल्या. सेवेरो अंगठा उठवायला निघाला होता. तिसरीपर्यंत मीच शिकवलंय त्याला. समोर बसवून सही करायला लावली.

तू त्याच संग्रहालयात नोकरीला, म्हणून तुझं नाव घातलं नाही. पण तू कोणाच्या बाजूची, ते स्पष्ट लिही.

लोभ आहेच, तो दर पत्रात मागू नये.

तुझी आई,
प्रिमितिवा कालपांचाय

राजधानी, २ एप्रिल

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझा अर्ज पोचला. आमच्या वरिष्ठांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, इतकं शुद्ध लिहिणारी माणसं हल्ली खात्यातही नाहीत. ती बाई माझी आई आहे, हे मी सांगितलं नाही. मनातल्या मनात हसले.

आजी तुम्हाला मिळेल. कायद्यापुढे आमचं काही चालत नाही आणि चालू नये. पण आम्ही तिला कोंडून ठेवलंय असं समजू नकोस. सहा वर्षं तिची पेटी मीच पुसते. इथे रविवार फार लांबतो. घरमालकीण दाराबाहेरूनच गॅस बंद केलास का विचारते, तेवढाच माणसाचा आवाज. सोमवारी कोठीत गेले की पहिला नमस्कार मी आजीला करते, आपल्या बोलीत.

एक मागणं आहे. तिचा एकच दात आमच्याकडे राहू द्या. त्यावरून ती लहानपणी कुठल्या पाण्यावर वाढली, तिथलीच होती की दुसरीकडून आली, ते कळेल. तुमच्या संमतीशिवाय आता तिचा केससुद्धा अभ्यासाला घेता येत नाही. आणि एकदा ती मातीत गेली की विचारायची सोय संपली. मी कोणाच्या बाजूची, ते यावरून तूच ठरव.

जेवत जा. माया कमी करू नकोस.

तुझी,
दालिंदा

पोसो वेर्दे, ६ मे

चि. दालिंदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं मागणं सभेपुढे ठेवलं, एक शब्द न गाळता. सेवेरोने विचारलं, दात ठेवून घेतला तर आजी कोकाची पानं कशाने चावणार, तुमच्या साहेबाचा दात बसवायचा काय. सगळे हसले. मी अध्यक्ष होते, हसले नाही. ठराव नामंजूर झाला. माझंही मत विरुद्धच होतं. ती कुठून आली ते कशाला हवं? इथे राहिली, इथे पुरली, ती इथली.

पण आता वेगळंच संकट उभं राहिलंय आणि चूक माझी आहे. घरच्या माणसाने घरच्याचा खड्डा खणायचा नाही, नाहीतर कुदळ पुन्हा त्याच घरावर फिरते, हे तुला सांगायला नको. खड्डा शेजारी खणतात. आणि मी तर झाडून सगळ्या शेजाऱ्यांकडून लिहून घेतलं की आम्ही तिच्या घरचे! पलीकडच्या वस्तीकडूनसुद्धा! शिक्क्यानिशी. ट्रकवाला परका आहे, पण जुन्या माणसांच्या थडग्यांपाशी कुदळ मारली की अंगावर फोड येतात म्हणून तो पाऊल टाकत नाही. पेटी एक ऑगस्टला येणार, धरणीला जेवू घालायच्या दिवशी. तीन महिने आहेत आणि खणायला माणूस नाही. सेवेरो म्हणतो, बाईंनी एवढं शिकवलं, वजाबाकी विसरल्या.

हिवाळा तोंडावर आला, थंडीचे कपडे बाहेर काढ. आशीर्वाद नेहमीचेच.

तुझी आई

राजधानी, १० जून

ती. आईस सा. न. वि. वि.

मी खणते.

माझं नाव यादीत नाही. आणि टाकणखारच्या खाणीवरची स्वयंपाकीण वारली, तिची तीन वर्षांची पोर ट्रकवाल्याने तुझ्या शाळेच्या पायरीवर आणून बसवली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तूच कधी कोणाला बोलू दिलं नाहीस. खणणं हा माझा धंदाच आहे, आई. निदान एकदा तरी पुरण्यासाठी खणू दे. दाताचं मी पुन्हा काढणार नाही.

होय म्हणून कळव. रागावू नकोस.

तुझी,
दालिंदा

पोसो वेर्दे, १ जुलै

दालिंदा,

नाही.

त्या दिवशी तू कुदळ धरलीस की गावासमोर परकी ठरलीस. मी तुला नाव दिलं, उवा मारल्या, पाढे पाठ करून घेतले. ते सगळं एका दुपारच्या खड्ड्यात घालायचं? उद्या मी गेले की तू घरच्यांत बसून रडणार, की बाहेर फावडं घेऊन उभी राहणार? माझ्यामागे रडायला दुसरं कोण आहे, तूच सांग.

आजी चौऱ्याण्णव वर्षं तिकडे थांबली. शाळेच्या खोलीत आणखी थांबेल.

आई

पोसो वेर्दे, १९ ऑगस्ट

चि. दालिंदा हिस अनेक आशीर्वाद.

माझ्या पत्राला उत्तर न देता तू पेटीबरोबर स्वतःच आलीस आणि ट्रकच्या घाईत तशीच गेलीस. बोलणं राहिलं.

सभेत मी माझं नाव यादीतून खोडायला सांगितलं, तेव्हा तुला वाटलं म्हातारीला वेड लागलं. वेड नव्हतं. माझे आजोबा मिठाच्या तांड्याबरोबर सीमेपलीकडून आले. हे सर्वांना ठाऊक, पण चौतीस वर्षं बाईंना तोंडावर कोण म्हणणार? म्हणून मीच म्हटलं. आकडा अकराच राहावा म्हणून माझ्या जागी तुझं नाव लिहायला सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले. सेवेरो काय म्हणाला ते तू ऐकलंस ना, बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला आपल्या जागेवर बसू दिलं म्हणून. त्याला नंतर बघते. तुझ्या साहेबांना काय वाटायचं ते वाटो.

कमरेइतकं खणायला मला दुपार लागली. तू दोनदा कुदळ घ्यायला आलीस, दोनदा हाकललं. मग काठावरून शिकवायला लागलीस, कड सरळ घे, माती लांब टाक. मला! हाताला चार फोड आले, ते कुदळीचे आहेत, जुन्या माणसांचे नाहीत, असं ट्रकवाल्याला सांगितलं आहे.

खणणाऱ्याने घरच्यांच्या पंगतीला बसायचं नाही. मी शाळेच्या भिंतीआड एकटी जेवले. वारा होता, सूप लगेच गार झालं. आत तुम्ही रडत होता आणि त्यात तुझा आवाज मला वेगळा ऐकू आला. बरं वाटलं.

तुझ्या दाताचा प्रश्न मातीत गेला, याचं मला वाईट वाटतं. हे मी सभेत बोलणार नाही.

आता नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, आजीचं पहिलं ताट मांडायचं, ते तीन वर्षं. तिला उतरायला कणकेची शिडी, ओझं वाहायला कणकेची लामा जनावरं, सगळं घरच्यांनीच मळायचं. माझा हात त्यात आता चालत नाही. उरलेल्यांत चांगलं मळणारी एक म्हातारी एर्मोहेना, तर तिची बोटं संधिवाताने वळली आहेत. सेवेरोने केलेला लामा डुकरासारखा दिसतो. तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या ट्रकने तू यायचंस, तीनही वर्षं. रजेचा अर्ज आजच दे. कारणाच्या रकान्यात लिही, घरी आजी वारली.

वाट पाहते.

तुझी आई