उजव्या बाजूची मिशी

पिरनवाडी,
५ डिसेंबर १९८२

ती. सौ. सुलाआक्का हिला धाकट्या परशरामचा नमस्कार. (बसून केलेला. वाकलं की अजून घर फिरतं, तेव्हा वाकून करायचा तो शिमग्यापर्यंत बाकी ठेव.) तुझी कंबर कशी आहे, दाजींचा खोकला गेला का, म्हैस व्याली का, आणि यंदा तुमच्या उसाला तोड आली की दाजी अजून कारखान्याच्या माणसांमागं फिरताहेत, ते सगळं सविस्तर कळव. आमच्याकडं सर्व ठीक आहे. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटायचं नाही.

आजपर्यंतची पत्रं मालूनं लिहिली. तुझ्या भावजयीचं पत्र म्हणजे 'बरे आहेत, जेवतात, काळजी नसावी', संपलं. त्यातलं 'जेवतात' तर साफ खोटं होतं. डॉक्टरांनी माझं लिहिणं-वाचणं बंद ठेवलं होतं ते आता उघडलंय, म्हणून पहिल्यापासून मीच सांगतो. अक्षर उजवीकडं उतरत जाईल, त्याला इलाज नाही. चहा घेऊनच वाचायला बस.

तर आषाढात आप्पांचा निरोप आला की भाताची लावण आहे, सुट्टीला ये. कारखान्यातून सुटलो आणि सायकल घेऊन सरळ गावी, बेळगुंदीला निघालो. मागचा ब्रेक गेलेला, पुढचा पावसात लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी उतारावर दोन्ही पाय वर घेऊन गाणं म्हणत होतो. (कुठलं ते विचारू नकोस, तेही त्या दिवशी डोक्यातून गेलं ते गेलंच.) आपल्या घराच्या वळणावर आप्पांची गाडी, बैल सोडून, रस्त्यातच उभी. परड्यात गुडघाभर चिखल, म्हणून मी आल्यावर दोघं मिळून ती आत ढकलू असा त्यांचा बेत. दांडीखाली लाकूड टेकवलेलं, म्हणजे दांडी बरोबर सायकलवरच्या माणसाच्या तोंडाला. मी वेळेवर पोचलो, एवढंच म्हणतो.

जबडा मोडला, उजवं गालफाड आत गेलं, वरचा ओठ नाकापर्यंत फाटला, आणि मागं पडलो ते डोकं दगडावर. आप्पांनी एकट्यानं उचलून मला कुणाच्या तरी टेम्पोत घातलं म्हणे. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात टाके घालायच्या आधी न्हावी आला आणि त्यानं डोकं भादरलं. मग तो मिशीकडं वळला, तेव्हा मालू आडवी आली. आपल्यात बाप असताना मिशी काढत नाहीत, हे तिनं डॉक्टरांना कन्नडमधून परोपरीनं सांगितलं, 'आमचे मामंजी जिवंत आहेत हो' म्हणून हात जोडले. डॉक्टर मंगळूरकडचे. त्यांनी 'फार चांगलं, फार चांगलं' अशी मान हलवली आणि मिशी गेली. मी बेशुद्ध, त्यामुळं माझं मत कुणी घेतलं नाही.

आप्पा तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातच बसून होते. मी डोळे उघडल्यावर आत आले, पण तोवर माझ्या तोंडाला इतकं बँडेज की डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. डोळे ओळखून ते बैलांच्या वैरणीला गावी गेले. मिशीचं त्यांना कुणी बोललं नाही. खरी गंमत (गंमत आता म्हणतो) तिथून सुरू झाली.

घरी सोडलं तेव्हा वरचे नि खालचे दात तारेनं एकत्र बांधलेले. तोंड उघडायचं नाही. एक दात पडला होता, त्या फटीतून मालू नळीनं आंबील सोडायची, भाताची पेज सोडायची, कधी कोंबडीचा रस्सा गाळून सोडायची. बोलणं म्हणजे नुसतं 'हूं'. मान हलवायलासुद्धा मनाई, कारण हलवली की पोटातली आंबील वर यायची. अशा अवस्थेत एका दुपारी मालू नळावर गेलेली असताना आपला मावसभाऊ कल्लाप्पा आला. तो बैलांची दलाली करत निपाणीकडं फिरत होता, माझ्या अपघाताचा त्याला पत्ता नाही. त्यानं दारातून बघितलं: गुळगुळीत डोकं, मिशी साफ, डोळ्यांत पाणी (ते टाक्यांमुळं कायमच असायचं). तो तसाच मटकन खाली बसला.

"कवा गेलं रं आप्पा?" म्हणाला.

मी म्हटलं, हूं हूं.

त्यानं माझ्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. आप्पा कसा देवमाणूस, त्याला पहिली बैलजोडी कशी आप्पांनी घेऊन दिली, आणि मी दुःखानं डोकं आपटून घेतलं हे काही बरं केलं नाही, असं सगळं बोलला. मी जितकं हूं हूं करावं तितकं त्याला भरून यायचं. मालू घागर घेऊन येईपर्यंत तो वर्दी द्यायला निघूनसुद्धा गेला होता. दलाल माणूस तो, गावागावांत बातमी पोचवण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीसकट सगळी पाहुणेमंडळी भाकऱ्यांच्या बुट्ट्या घेऊन बेळगुंदीत उतरली. बायकांनी रिवाजाप्रमाणं गल्लीच्या तोंडापासूनच सूर लावला. आप्पा कट्ट्यावर बसून दोर वळत होते. त्यांना वाटलं, नागुआत्तीच्या सासरचं कोणीतरी गेलं. त्यांनी दोर बाजूला ठेवला, टॉवेल डोळ्याला लावला आणि तेही रडायला लागले. आत्ती घरातून रडत आली, तिला वाटलं आप्पांना काहीतरी कळलंय. हे बराच वेळ चाललं म्हणे. आपणच गेलोय हे आप्पांना कळलं तेव्हा मावशी त्यांच्याच पायाला मिठी मारून त्यांचंच नाव घेत होती.

आप्पांनी सगळ्यांना भाकऱ्या खायला घातल्या. मग विचारलं की ही अक्कल कुणाची, आणि मिशीचं कळलं. "मी जित्ता असताना त्यानं व्हट कोरा केला, आता मिशी येईपातूर मला त्याचं तोंड दावू नका," एवढं म्हणाले आणि खरंच आले नाहीत. आत्तीबरोबर लोणी यायचं, गावठी अंडी यायची, आणि प्रत्येक वेळी निरोप: किती उगवली? जोंधळा उगवला का असं विचारावं तसं. आत्ती माझा ओठ बघून जायची आणि तिथं जाऊन बोटाच्या पेरावर दाखवायची.

आक्का, तारा निघाल्या, मऊ भात आला, मग भाकरी कुस्करून आली. पण बरं होणं हे काम फार सावकाश चालतं गं. उजव्या गालाला चहा लागलेला कळत नाही, शर्टावर सांडला की कळतं. हसायला गेलो तर एकच बाजू हसते. कारखान्यात लेथवर उभं राहायला परवानगी नाही, हत्यारांच्या खोलीत बसवलंय, आणि तिथं हत्यारांची नावंच आठवत नाहीत. गडी मागतो एक, मी देतो दुसरं, तो बिचारा मुकाट्यानं घेऊन जातो. घरी तर आणखी मजा. मराठी शब्द अडला की त्या जागी कन्नड येतो. मी 'उप्पु' म्हणतो, मालू मीठ देते. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. मालू म्हणाली, एवढं कन्नड तुम्हाला आधी कुठं येत होतं. एकदा आरशात नीट बघितलं स्वतःला. आपला एरवीचा चेहरा आठवून बघितला आणि मालू बाहेर गेल्यावर रडलो. तेही एकाच बाजूनं. (हे दाजींना वाचून दाखवू नकोस.)

केस आले. मिशी डावीकडं आली, चांगली आली. उजवीकडं टाक्यांची वळी आहे, तिथं काही नाही. यल्लाप्पा न्हावी म्हणाला कांद्याचा रस चोळा, तो चोळला, डोळ्यांना पाणी तेवढं आलं. दसरा आला. आप्पांना सोनं द्यायला जायचं तर अर्ध्या मिशीनं कसं जायचं? मालूनं काजळाची डबी काढली. उजवी बाजू तिनं इतकी झकास रंगवली की डावीच खोटी वाटायला लागली. पण बसमध्ये ही गर्दी, वर ऑक्टोबरचं ऊन. बेळगुंदीत उतरेपर्यंत घामानं मिशी हनुवटीपर्यंत आली होती, आणि उजवीकडं मला काही जाणवत नसल्यामुळं मी मोठ्या ऐटीत आप्पांच्या पुढं उभा राहिलो.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. सोनं घेतलं. कपाळाला लावलं. उठले आणि गोठ्यात गेले, ते मी परत निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आक्का. शिवी दिली असती तरी चाललं असतं. बसपर्यंत पोचवायला आत्ती आली, तेव्हा ती म्हणाली, आषाढापासून त्यांनी गाडी जुंपलेली नाही. खत डोक्यावरून बुट्टीनं नेतात. बैल नुसते बसून खातात. मला वाटत होतं ते मिशीवर रागावलेत.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दारात कोणी म्हातारा उभा. मालूनं ओळखलं नाही. डोईवर पदर घेऊन 'कोण पायजे?' म्हणून विचारलं. मी आतून बघितलं तर आप्पा. आपल्या आप्पांची ती मिशी, जिला आई लोणी लावून द्यायची, जिच्यामुळं शाळेत आपल्याला 'मिशीवाल्याची पोरं' म्हणायचे, ती साफ. ओठ पांढराफटक. तोंड इतकं लहान दिसत होतं की मला आधी हसू आलं आणि मग हसल्याची लाज.

"मला बाप न्हाय, मला चालतंय," म्हणाले. "आता लोकांस्नी काय बघायचं ते माझ्याकडं बघू दे."

मग माझ्याजवळ बसले. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. "दुकतंय?" म्हणाले. म्हटलं, तिथं काही कळतच नाही. बोट तिथंच ठेवलं. "गाडी तितं मीच लावलती रं," म्हणाले. मी म्हटलं, ब्रेक माझेच नव्हते. पण ते त्यांना ऐकू गेलं असं वाटलं नाही. तेव्हापासून ते इथंच आहेत. कारखान्यात मला पोचवायला येतात, रस्त्यात उभी गाडी दिसली की माझा दंड धरतात.

असं सगळं आहे. तेव्हा काळजी करू नये, थंडीत पहाटे अंगणात बसू नये, दाजींना नमस्कार, पोरांच्या पाठीवरून माझा हात फिरव. तू आपलं घर सोडून येण्याची काही गरज नाही.

तुझा
परशराम

ता. क. पत्र घाईनं टाकतोय त्याचं कारण राहिलं. मिशी काढलेले आप्पा बेळगुंदीहून रडवेल्या तोंडानं निघालेले कल्लाप्पानं बघितले आणि त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. परवा मावशी बुट्टी घेऊन माझ्यासाठी रडत इथं आली. दार मीच उघडलं. ती उंबऱ्यातच बसली. मी पाणी दिलं तर घेईना, माझ्या हातचं प्यावं की नाही हे तिला ठरवता येईना. कल्लाप्पा आता तुमच्याकडं, संकेश्वरच्या बाजाराला गेलाय. तुला भेटला असेल तर डोळे पूस. मी जिवंत आहे, अक्षर ओळख.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय की येण्याची गरज नाही, ते खोडलं असतं, पण पान खराब होतं. तू ये. आप्पा म्हणतात, परशाची मिशी पुरी येईपातूर मीबी ठेवणार न्हाय. एक दिवसाआड यल्लाप्पाला बोलावून ओठ कोरा करून घेतात. आणि डॉक्टरांनी मला सांगितलंय की उजव्या बाजूला मिशी येणार नाही, कधीच. मालूला ठाऊक आहे, आप्पांना नाही. मला ते सांगता येत नाही. तू थोरली, तू येऊन सांग.

ता. क. तिसरा. ये, पण सांगू नकोस. रोज सकाळी ते मला दारात बसवतात, हनुवटी धरतात, आणि उजेडात निरखून बघून म्हणतात, "कालच्यापरीस जरा हाय." मी व्हय म्हणतो.