इझोबेलचा जोडीदार

मंगळवार, ४ एप्रिल
शनिवारी हिरवळीवर बोलिंग क्लबचा हंगाम सुरू. जोड्यांचा तक्ता छापणारा प्रोग्रॅम माझ्या नवऱ्याने, फर्गसने, हॅस्केल या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. फर्गस गेला, प्रोग्रॅम माझ्या वाट्याला आला. सेक्रेटरी नेटा म्हणाली, इझोबेलबाई, यंदा डूगलबरोबर खेळा, त्यालाही कोणी नाही. म्हटलं, खेळते की. एक ओळ तर घालायची. पुस्तकं वाचून हॅस्केल शिकलेय मी. चहा निवायच्या आत होईल.

बुधवार
चहा निवला. प्रोग्रॅम तपासून घेणारा कंपायलर अडून बसलाय. फर्गसने 'फंक्शनल डिपेन्डन्सी' वापरलीय: खेळाडू सांगितला की जोडीदार ठरला, दुसरा चालत नाही. माझ्या नावापुढे फर्गस आधीच आहे. त्याची ओळ खोडली की काम झालं. पण उगाच काही खोडू नये. कारण निव्वळ तांत्रिक आहे.

गुरुवार, सकाळ
निर्णय झाला. डिपेन्डन्सी जुनाट. त्याऐवजी हॅस्केलचंच नवं फीचर, 'टाइप फॅमिली'. नावातच फॅमिली, दोघं मावतील.

गुरुवार, दुपार
मावत नाहीत. तीच तक्रार, शब्द निराळे. नेटाचा फोन. म्हणाली, अहो, तक्ता छापताय की विणताय? म्हटलं, फीचर निवडणं म्हणजे बिस्किट निवडणं नव्हे. म्हणाली, बिस्किटाला तरी कुठे कमी वेळ लावता!

शुक्रवार
सापडलं! 'क्लोज्ड टाइप फॅमिली'. यात ओळी एकाखाली एक, कंपायलर वरून वाचत येतो. वर फर्गस, खाली डूगल. कोणाला खोडायला नको. कंपाइल झालं! एक वॉर्निंग आहे, खालच्या ओळीपर्यंत कधीच पोचणार नाही म्हणून. वॉर्निंग म्हणजे काही एरर नव्हे. फर्गस वॉर्निंगवरूनही कुरकुरायचा. त्याचा स्वभावच तसा.
डूगल बेकरीत भेटला. खेळायला नवे पांढरे बूट घेतलेत म्हणाला.

शनिवार, ८ एप्रिल
तक्ता न बघताच नेटाच्या हातात दिला. तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. इझोबेल आणि फर्गस. पुढे तिला वाचवेना. डूगलचं नाव कुठेच नाही. तो नव्या बुटांत उभा. मग हळूच म्हणाला, फर्गसला उशीर झालेला दिसतोय. तो येईपर्यंत त्याचे चेंडू मी टाकू का?
हो म्हटलं. सपाटून हरलो.
घरी येऊन ओळ खोडायला बसले. नाही खोडली. डूगलची तेवढी वर नेली. आता वॉर्निंग फर्गसच्या ओळीवर येते.
येऊ दे.