काळ्या दगडाखालच्या गोगलगायी

मी, चंद्रभान नानाजी ढोले, निवृत्त शिक्षक, राहणार मौजा नाचणगाव, तहसील व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाचा दाब नसताना आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याबद्दल माझा भाऊ रामाजी याची हरकत जुनी आहे. तिचा येथे विचार केलेला नाही.

वय चौसष्ट. शाळेच्या दप्तरात सहासष्ट आहे. माझ्या नोकरीच्या काळात शास्त्रज्ञांनी पृथ्वीचे वय तीनदा बदलले, आता साडेचारशे कोटी वर्षे सांगतात. माझे दप्तरातले वय दोन वर्षांनी कमी होऊ शकले नाही.

१. राहते घर हिंगणघाटला दिलेली माझी मुलगी कमला हिला. मधल्या खोलीत मी अभ्यासासाठी जमवलेल्या दगडांच्या सात पेट्या आहेत. अंगणात भर घालायला त्या बऱ्या पडतील, असे जावईबापू म्हणाले होते. सबब माझी सायकल त्यांना न जाता शाळेला जाईल. पेट्याही शाळेलाच, मात्र कलम २ व ४ मधले दगड वगळून.

२. भंडाऱ्याकडून आणलेला पट्टेदार दगड. त्यात शिंपला, पान, कशाचीच खूण नाही. पृथ्वीवर जीव येण्याआधीचा असावा असा माझा समज आहे. माझी पत्नी आनंदाबाई हिने तो चौदा वर्षे लोणच्यावर दाब म्हणून ठेवला. “दगड चांगला आहे,” एवढेच मत तिने माझ्या अभ्यासाबद्दल दिले. ती गेली. दगड बरणीसह कमलाला.

३. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

सन १९३८ च्या उन्हाळ्यात रामाजीच्या वावरात विहीर खणणे चालू होते. सुरुंग लावायला कवडू मडावी आणि दगड फोडायला त्याची बायको रुखमा. तीस हातांवर काळा दगड संपून पांढुरका थर लागला. मी वर झाडाखाली भाकर खात होतो. रुखमाने हाक मारली.

“गुरुजी, हे पाहा. गोगलगाय. दगडच झाली हे.”

एक नव्हे, अकरा होत्या. मी तिला समजावले की काळा दगड म्हणजे थंड झालेला जाळ. असे थर एकावर एक आले, आणि मध्ये केव्हातरी इथे तळे होते.

“म्हंजे आधी जळालं, मंग तळं झालं, त्यात ह्या आल्या, अन् पुन्हा जळालं?”

“हो.”

“मंग सगळ्यात पह्यले जीव आला कुठून? तवा त नुसता जाळच होता नं?”

तिचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला. त्याच वर्षी नागपूरच्या एका मासिकात मी लेख लिहिला. त्यात “प्रस्तुत लेखकास आढळले” असे चार वेळा आहे. लेखाचा शेवट तिच्या प्रश्नाने होतो, माझ्या नावावर. पुढे नागपुरात व्याख्यान झाले, नारळ मिळाला, टाळ्या झाल्या. दगडांची पेटी उचलायला कवडू सोबत आला होता. तो मागे बसून सगळे ऐकत होता. परतताना पुलगाव स्टेशनवर उतरल्यावर तो म्हणाला,

“गुरुजी, हे त रुखमानं इचारलं होतं नं?”

“हो.”

“तिचं नाव नाई आलं.”

“राहून गेलं.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालू लागला.

त्यानंतर त्याने गावात नऊ विहिरी खणल्या. मला एकाही विहिरीवर बोलावणे आले नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला.

मध्यंतरी पेपरात वाचले, की परदेशात काचेच्या चंबूत पाणी आणि जुन्या काळच्या हवेतले वायू कोंडून आठवडाभर विजेच्या ठिणग्या दिल्या, तर शरीर ज्यापासून बनते त्यातले काही पदार्थ आपोआप तयार झाले. पेपर घेऊन मी थेट रुखमाकडे गेलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा. तिने पूर्ण ऐकले.

“मंग जीव झाला का?”

“नाही. नुसते सामान झाले.”

“मंग गवंडी पाह्यजे अजून,” ती म्हणाली, आणि चहा ठेवला.

म्हणून लिहितो: त्या गोगलगायी रुखमा कवडू मडावी हिला सापडल्या. प्रश्न तिचा आहे. मी भाकर खात होतो. याच मजकुराचे पत्र माझ्या मृत्यूनंतर कमलाने मासिकाच्या संपादकांस पाठवावे.

४. अकरा गोगलगायींचा दगड, हातोडी व भिंग रुखमास.

५. रामाजीस काही नाही. विहिरीतला उरलेला पांढरा दगड त्याने गोठ्याच्या जोत्यात घातला. तो पाहण्यासाठी मी वीस वर्षे त्याच्या बैलांपुढे गुडघे टेकले. तेवढे पुरे.

पुरवणी: हे मृत्युपत्र आज साक्षीदारांसमक्ष वाचले. रुखमा हजर होती. तिने विचारले, “मेल्यावर काऊन धाडता? तवा लोकं तुमाले काय म्हन्तीन?”

“काही नाही. मी नसेन.”

“मंग आताच धाडा.”

सबब कलम ३ मधील शेवटचे वाक्य रद्द. पत्र आज रजिस्टर टपालाने रवाना केले. पावती रुखमाकडे आहे.

मुक्काम नाचणगाव, तारीख १४ मार्च १९५८

सही: चंद्रभान नानाजी ढोले

साक्षीदार:
अण्णाजी देवतळे, पोस्टमास्तर (पत्र यांनीच घेतले)
वच्छलाबाई कांबळे, शिक्षिका