पिवळी पुडी, पांढरी पुडी

शहादे, १६ जानेवारी १९४७, गुरुवार

आज स्वतःचाच राग येतो आहे. दम्याच्या नव्या औषधाची परीक्षा आमच्या दवाखान्यात चालू आहे. काही रोग्यांना पिवळ्या कागदातली पुडी, काहींना पांढऱ्यातली. एकीत औषध, दुसरीत नुसती कडवट भुकटी. कशात काय, ते फक्त धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांना ठाऊक. रोग्याला कळू नये आणि मलाही.

पण मी मनाशी ठरवूनच टाकलं आहे की पिवळी खरी. आज एका पिवळ्या पुडीवाल्याच्या छातीला नळी लावायच्या आधीच मी ‘सुधारणा’ लिहून मोकळा! मग माझ्या तपासण्याला अर्थ काय? उद्यापासून छाती सहायक डॉक्टरांनी तपासावी, पुडीचा रंग न विचारता.

आणि दुपारी सोनूआप्पा रंगारी धापा टाकत आले. त्यांना पांढरी.

"साहेब, माले बी पिवळी द्या. शेजारीले तिनाच गुण उना."

शेजाऱ्याला गुण आला म्हणून यांनाही पिवळीच हवी; ती देता येईना, धाप बघवेना. शेवटी त्यांना परीक्षेतून काढलं आणि दम्यावरची नेहमीची एफेड्रिनची गोळी हातावर ठेवली. चुकलं का माझं? पण गुदमरणाऱ्या माणसाकडे नुसतं बघत बसायचं?

"मंग ही खरी शे ना?" आप्पांनी विचारलं.

"अगदी खरी," मी म्हणालो.

मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर आप्पांचा श्वास बराच संथ झाला होता, आणि गोळी अजून तळहातावरच होती.